पोहण्याची वही

परवा कपाट आवरायला काढलं, तेव्हा माझी पोहण्याची जुनी वही सापडली. दोनशे पानी, लांब आकाराची. शाळेत हजेरीला वापरायचो तशीच. पट्टीने लाल रेघा आखलेल्या, आणि वर रकाने : तारीख, फेऱ्या, वेळ, नाडी, शेरा. पस्तीस वर्षांहून जास्त मास्तरकी केलेला माणूस पोहायला गेला तरी शेरा लिहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, त्याला काय करणार!

सौ. ने वही हातातून काढून घेतली आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "१२ मार्च. फेऱ्या ६. प्रगती असमाधानकारक. १३ मार्च. फेऱ्या ६. लक्ष नाही. १४ मार्च. फेऱ्या ५. अधोगती." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुम्ही पोहायला जात होता का परीक्षेला?"

मी हसलो खरा. पण ती चहा ठेवायला आत गेल्यावर वही घेऊन बसलो, आणि मग बराच वेळ बसूनच राहिलो. त्या वहीबद्दल लिहावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

तर पोहणं सुरू झालं ते गुडघ्यांमुळे. २०१७ च्या फेब्रुवारीत. तेव्हा मी पासष्ट पूर्ण केलेली होती. निवृत्तीनंतर अकोल्याचं बिऱ्हाड हलवून आम्ही मुलाकडे अमरावतीला आलो, आणि इथे दोन जिने चढून जायचं घर. सहा महिन्यांत डावा गुडघा बोलायला लागला, मग उजवा. डॉक्टर म्हणाले, "सर, चालायचं सोडू नका, पण गुडघ्याला आराम देऊन व्यायाम हवा असेल तर पाण्यात जा." छातीपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवर साधारण एक तृतीयांशच भार उरतो, बाकीचा पाणी उचलून धरतं. हे ऐकून मला फार बरं वाटलं. शिवाय मनात म्हटलं, आपल्याला पोहता येतंच की!

येत होतं, म्हणजे कसं, ते सांगतो. माझं गाव अकोला जिल्ह्यातलं, पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं. ज्यांना हा पट्टा माहीत नाही त्यांच्यासाठी : पूर्णेच्या दोन्ही बाजूंना मैलोनमैल जमिनीखालचं पाणी खारट आहे. विहीर खोदली तरी पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे गोडं पाणी म्हणजे नदी, आणि उन्हाळ्यात नदी म्हणजे डोह. चुलतभावाने माझ्या पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधला आणि दिलं ढकलून. आठ दिवसांनी डबा सोडला आणि पुन्हा दिलं ढकलून. एवढंच आमचं प्रशिक्षण. मान वर, डोळे वर, हातपाय चारी दिशांना. कुत्रं पोहतं तसं. पण बुडत नव्हतो, आणि बुडत नाही त्याला पोहता येतं, अशी गावाची साधी व्याख्या होती.

पुढे कॉलेजला अमरावतीत आलो. १९७२ साली बी.ए. झालो. (अमरावती विद्यापीठ नंतरचं, १९८३ चं. आमच्या पदव्या नागपूर विद्यापीठाच्या.) त्या काळात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळावरून कितीदा तरी जाणं व्हायचं. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या मुलांनी जर्मनीत जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली, हे अमरावतीचा माणूस पाहुण्याला पहिल्या दहा मिनिटांत सांगतो. मीही सांगायचो. पण आत जाऊन एक जोर काढला असेल तर शपथ! पुस्तकं बरी, असं माझं मत होतं. मल्लखांबावरची पोरं बघायची, चार क्षण थांबायचं आणि खोलीवर जाऊन वाचत पडायचं. पुढे नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. डोहानंतर थेट पासष्टीतच पाण्यात उतरलो. मध्ये पन्नास वर्षं.

शहरातल्या एका तलावावर नाव घातलं. पंचवीस मीटरचा तलाव. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलं की मी एक फेरी धरतो. पहिल्या दिवशी मोठ्या ऐटीत उतरलो आणि अर्ध्यावर दोरी धरून लोंबकळलो. छाती लोहाराच्या भात्यासारखी. शिकवणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, शारीरिक शिक्षणाचा कोर्स करत होता. काठावर उकिडवा बसून म्हणाला, "सर, तुम्ही पोहून नाही राह्यले, पान्याशी भांडून राह्यले."

मग त्याने मला उथळ भागात नेलं. दांडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे सोडायचे. बस्स. माझ्या डाव्या हाताला सहा वर्षांची एक मुलगी, उजव्या हाताला सात वर्षांचा एक मुलगा, आणि मध्ये सेवानिवृत्त मुख्याध्यापक. तिघेही बुडबुडे काढतोय! पंधरा दिवस हेच. त्या मुलीला चौथ्या दिवशी जमलं. मला सतराव्या.

आता कळतं की ते सगळ्यात महत्त्वाचं शिक्षण होतं. दम लागतो तो हवा कमी पडते म्हणून, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. आपण श्वास कोंडून धरतो, आतला वायू बाहेर टाकत नाही, आणि तो साठला की शरीर घाबरतं. तोंड पाण्यात असतानाच हळूहळू श्वास सोडत राहिलं, तर वर आल्यावर फक्त घ्यायचा उरतो. सांगायला एक वाक्य आहे. अंगात उतरायला मला चार महिने लागले.

दुसरी गोष्ट माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने शिकवली. ते विज्ञान शिकवायचे, अकोल्याला जठारपेठेत राहतात. मी त्यांना फोनवर म्हटलं की जोर लावतो तितका मागे पडतो, हे काय गौडबंगाल आहे? ते म्हणाले, या इकडे. गेलो तर त्यांनी अंगणात पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि हातात जेवणाची ताटली दिली. "आडवी धरून ढकला. आता धारेने ढकला." एवढ्यात सगळं आलं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. मान वर काढली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि आपण आडव्या ताटलीसारखे पाणी ढकलत बसतो. वर वेग दुप्पट करायला गेलं की पाण्याचा विरोध चौपट होतो. म्हणजे ताकद वाढवून फारसं काही हाती लागत नाही. अंग सरळ ठेवणं, हे खरं काम. ते म्हणाले, "तुम्ही मराठीवाले. तुम्हाला वाटतं जोर दिला की अर्थ बदलतो."

असो. तर वही. बुडबुडे जमले, मान खाली गेली, आणि एप्रिलच्या शेवटी पहिली पूर्ण फेरी झाली. त्या दिवशी घरी पेढे आणले. नातवाला वाटलं कुणाचा तरी निकाल लागला. वर्षाअखेर चार फेऱ्या, प्रत्येक भिंतीला थांबून. पुढच्या मार्चपर्यंत सहा, दिवाळीपर्यंत दहा. आणि तिथे गाडी अडली ती अडलीच. दहा म्हणजे अडीचशे मीटर. महिने उलटले तरी अकरावी फेरी होईना. वहीत लाल शाई वाढत गेली.

नाडीच्या रकान्याची एक गंमत सांगतो. पोहून बाहेर आलं की मी घड्याळ लावून नाडी मोजायचो. ती कधीच फार वाढलेली नसायची. मला वाटायचं, वा, हृदय घोड्यासारखं झालंय! डॉक्टरांना वही दाखवली, तर ते खो खो हसले. "सर, मी रक्तदाबाची जी गोळी दिली आहे ना, ती नाडी वाढूच देत नाही. यात तुमचं कौतुक काही नाही, गोळीचं आहे." दीड वर्षाची आकडेवारी गेली पाण्यात! ते पुढे म्हणाले ते मात्र मी लक्षात ठेवलं. पोहताना एखादं वाक्य बोलता येईल इतपत दम राहतो का, ते बघा. आणि पोहण्याने हाडांवर भार येत नाही, म्हणून थोडं चालणंही ठेवा. हाडांना भार लागतो.

आता ज्या गोष्टीबद्दल लिहायला नको वाटतं, ती. माझ्या वाढदिवसाला, २०१९ साली, मी ठरवलं की वीस फेऱ्या करायच्याच. दहावर अडकलेला माणूस एकदम वीस! पण आकडा गोल होता, आणि मला गोल आकड्यांची सवय. सकाळी काही न खाता गेलो. मुलगा नेहमीच्या ठिकाणी नव्हता, दुसऱ्या टोकाला लहान पोरांना घेऊन होता. दहा झाल्या, अकरावी झाली, बारावी झाली. मनात नुसता जयजयकार. तेराव्या फेरीत मधोमध डाव्या पोटरीत वांब आला. गुडघा आपोआप पोटाशी आला, मान वर गेली, आणि इतक्या महिन्यांत शिकलेलं सगळं क्षणात विसरून मी पुन्हा डोहातला पोर झालो. फरक इतकाच की पाठीला डबा नव्हता. दोन घोट पाणी नाकात गेलं. ओरडावं म्हटलं तर आवाज फुटेना. बुडणारा माणूस ओरडत नाही, हे मी ऐकून होतो, ते त्या दिवशी समजलं. कुणीतरी बघितलं, त्या मुलाने लांब बांबू पुढे केला आणि मला ओढून घेतलं. काठावर बसवलं. त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, "सर, एवढी घाई कायले करता जी? पानी का कुठी पयून चाल्लं?"

घरी लपवणार होतो, पण लपलं नाही. मुलगा संध्याकाळी ऑफिसमधून आला, समोर बसला. तो कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच विचारलं, "बाबा, तुम्हाला कुणाला दाखवायचं होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन महिने तलाव बंद, असा घरचा ठराव झाला. पुन्हा जायला लागलो तोच २०२० चा मार्च आला आणि सगळ्या जगाचेच तलाव बंद झाले. त्या काळाबद्दल इथे लिहीत नाही. आमच्या गल्लीतली तीन माणसं गेली, त्यात माझ्याबरोबर पोहायला येणारे एक होते. त्यांच्या पंधरा फेऱ्या व्हायच्या, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा.

पुन्हा उतरलो तो २०२२ च्या उन्हाळ्यात. सत्तरी ओलांडली होती. पहिल्या दिवशी किती झाल्या असतील? तीन. तिसऱ्या फेरीला भिंत धरून उभा राहिलो आणि डोळ्यात पाणी आलं. तलावात ही एक सोय असते, कुणाला कळत नाही. पाच वर्षांची कमाई आणि शिल्लक तीन! घरी येऊन वहीत लिहिलं : "सर्व शून्य." लाल शाईत, अधोरेखित.

त्याच पावसाळ्यात लेकीकडे अकोल्याला गेलो होतो. तिने भाजी आणायला पाठवलं म्हणून जनता भाजी बाजारात गेलो. एका गाड्यावर वांगी बघत होतो, तर गाडेवाला एकदम खाली वाकून पाया पडला. "वयखलं नाही का सर?" पन्नाशीचा गडी, केस पिकलेले. नाव सांगितल्यावर ओळखलं. १९८४-८५ च्या सुमाराला सहावीत माझ्या वर्गात होता. वाचन यायचं नाही, जोडाक्षर आलं की अडायचा. पाढे बाराच्या पुढे जायचे नाहीत. पण एक आठवण पक्की होती. शाळेची बादली विहिरीत पडली होती, गळ टाकून टाकून सगळे दमले, आणि या पोराने सदरा काढून बुडी मारली ती बादली घेऊनच वर आला. मी शाबास म्हटलं असेन. आठवत नाही.

मी म्हटलं, "मी तुझ्या प्रगतिपुस्तकावर काय काय लिहायचो रे तेव्हा!" गमतीने म्हटलं होतं.

तो हसला. "प्रगती नाही, असं लिवत होते तुम्ही. दर खेपेले. माह्या बापाले वाचता येत नव्हतं सर. तो मलेच म्हने, वाच काय लिवलं मास्तरनं. मंग मी वाचू. जोडाक्षराची लय पंचाईत होती मले, पन तेवढं बरोबर वाचता ये."

हे तो हसत हसत, वांगी निवडता निवडता सांगत होता. मनात काही किल्मिष नव्हतं त्याच्या. सातवीतून शाळा सोडली, आता दोन मुलं शिकतात, एक पुण्याला. मी त्याला विचारलं, पोहतोस का अजून? "आता कुठी सर? नदीले पानी कुठी हाय? पन कावड नाही सोडली." अकोल्याची कावड म्हणजे श्रावणातली. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घागरींत भरून, खांद्यावर घेऊन, रात्रभर चालत राजराजेश्वराला आणायचं. मीही ऐन विशीत दोनदा गेलो होतो. कावड खांद्यावर असली की पाय आपले राहत नाहीत, सगळ्यांच्या पायांची एक लय लागते. कुणी घाईने पाऊल टाकलं की घागर हिंदकळते, आणि पाणी मागच्याच्या अंगावर. घाई करणाऱ्याला अख्खी रांग शिव्या देते!

त्याने भाजीचे पैसे घेतले नाहीत. मी खूप आग्रह केला. शेवटी पैसे त्याच्या तराजूखाली ठेवून निघालो, तर मागून पोराला पाठवून परत केले, वर कोथिंबिरीची एक जुडी.

रिक्षात बसलो तेव्हा पिशवी मांडीवर होती आणि त्या पोराचं वाचन कानात. किती प्रगतिपुस्तकं लिहिली असतील मी? दरवर्षी चाळीस-पन्नास मुलं, वर्षातून तीन-चारदा. 'प्रगती नाही' हे शब्द मला लिहायला तीन सेकंद लागायचे. ते कोण कुणाला वाचून दाखवत असेल, हा विचार एकदाही मनात आला नाही. आता या वयात तेच शब्द मी रोज स्वतःला लिहून, स्वतःच वाचत होतो, आणि त्याने मी एक फेरीही जास्त पोहलो नव्हतो. उलट एकदा बुडता बुडता वाचलो होतो. त्या पोराला तर मी बांबूही पुढे केला नव्हता.

अमरावतीला परत आल्यावर वहीतला शेऱ्याचा रकाना पट्टीने रेघ मारून बंद केला. नाडीचा तर आधीच बाद झाला होता. वेळेचाही काढला. राहिली तारीख आणि फेऱ्या. फेऱ्या मी ठेवल्या, खोटं कशाला बोलू! मोजायची हौस जात नाही. पण नुसता आकडा, काळ्या शाईत.

आणि त्या 'सर्व शून्य'चं पुढे काय झालं, तेही सांगतो. पहिल्यांदा दहा फेऱ्यांपर्यंत यायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली होती. दुसऱ्यांदा चार महिने लागले. दम थोड्या आठवड्यांतच उतरतो, छाती सगळं लवकर विसरते. पण अंगाचा तोल, मान खाली ठेवणं, श्वास सोडणं, हे हातापायांनी विसरलेलं नव्हतं. ज्या काळात दहाच्या पुढे सरकत नव्हतो आणि रोज 'अधोगती' लिहीत होतो, त्या काळात आत काहीतरी मुरत होतं. लोणचं मुरतं तसं. बरणी रोज उघडून बघणाऱ्याला ते दिसत नाही, आणि बरणी मात्र खराब होते.

वहीत न आलेली आणखी एक गोष्ट. गेल्या वर्षी बडनेऱ्याला अकोल्याची गाडी धरायची होती, आणि ती ऐनवेळी दुसऱ्या फलाटावर लागली. मी पिशवी उचलली, पूल चढलो, पलीकडे उतरलो. डब्यात बसल्यावर सौ. म्हणाली, "कठडा नाही धरला तुम्ही." मी म्हटलं, "कुठला कठडा?" २०१६ साली त्याच पुलावर मी मध्ये दोनदा थांबलो होतो आणि ती पिशवी तिने उचलली होती. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

तलावावरच्या त्या मुलाने एकदा मोबाइलवर एका जपानी आजींची बातमी दाखवली होती. मिएको नागाओका. या बाईंनी ऐंशीव्या वर्षी पोहायला सुरुवात केली, तीही गुडघ्यासाठीच! २०१५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी १५०० मीटर अंतर १ तास १५ मिनिटं ५४ सेकंदांत पार केलं. शंभरीत हे अंतर पोहणारी जगातली पहिली व्यक्ती. २०२१ साली एकशे सहाव्या वर्षी त्या वारल्या. १५०० मीटर म्हणजे माझ्या साठ फेऱ्या. मी हिशोब केला आणि तो मुलगा माझ्याकडे संशयाने बघायला लागला. "सर, हे पाहून पुन्हा वही नका काढू बरं."

मला स्वतःला मात्र आपल्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट जास्त जवळची वाटते. सांगली जिल्ह्यातला हा जवान, मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेतलं. त्याच वर्षी मी बी.ए. झालो आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. पद्मश्री मिळाली २०१८ साली. 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला तेव्हा, २०२४ मध्ये, नातवाने मला नेलं. तो पदकाच्या दृश्याला टाळ्या वाजवत होता. मी मधल्या सात वर्षांचा विचार करत होतो. गोळ्या लागल्यापासून पदकापर्यंतचा. पाण्यात पाय हलत नाहीत अशी किती सकाळी गेल्या असतील, आणि त्या दिवशी वहीत काय लिहायचं माणसाने?

सध्या माझ्या चौदा फेऱ्या होतात. कधी बारा, थंडीत नऊसुद्धा. पण पुन्हा वीसचा विचार मनात येत नाही, असं नाही. येतो. परवाही आला. तेराव्या फेरीला त्या जागी आलं की डावी पोटरी अजून आपोआप आखडते, भीतीने. मग मी पाठीवर उलटतो, छताकडे बघतो, श्वास मोजतो आणि जमलं तर पुढे जातो. नाही जमलं तर दोरी धरतो.

सध्या उन्हाळी बॅच चालू आहे. बाहेर ऊन पंचेचाळीसच्या घरात, आणि तलावात अख्खी अमरावती उतरलेली. काल मी भिंतीला टेकून दम खात होतो, तर एक पाच-सहा वर्षांची मुलगी, पिवळी टोपी घातलेली, माझ्या शेजारी येऊन दांडा धरून उभी राहिली. नाकातोंडात पाणी गेलं होतं, डोळे लाल. बुडबुडे जमत नव्हते बहुधा. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "आजोबा, तुमाले किती दिवस लागले?"

"सतरा," मी म्हटलं.

तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. दहा बोटं संपल्यावर थोडी घोटाळली, मग माझा हात ओढून घेतला आणि पुढची माझ्या बोटांवर मोजली. मोजून झाल्यावर म्हणाली, "माह्ये अजून बाराच झाले," आणि तोंड पुन्हा पाण्यात घातलं.